न पेटलेला वणवा

कटांग बांबू आयुष्यात एकदाच फुलतो आणि फुलला की मरतो. माथ्यावरचा असो की नाल्याकाठचा, एका पिढीचा सगळा कटांग एकाच हंगामात फुलोऱ्यावर येतो. कोसमदंडच्या टेकडीवर तो फुलला तेव्हा म्हाताऱ्यांनी नुसत्या माना हलवल्या. उंदीर माजले, बायकांनी बांबूचं बी टोपल्या भरभरून घरी आणलं, त्याचा भात शिजवला, आणि पुढचा उन्हाळा येईपर्यंत अख्खी टेकडी उभ्या उभ्या वाळून गेली. लांबून पाहिलं तर गवताची प्रचंड गंजी रचून ठेवल्यासारखी दिसायची. जवळ गेलं की मात्र त्या वाळक्या बेटांच्या बुडाशी, सांडलेल्या बियांतून उगवलेली कोवळी रोपं दिसत. घोट्याएवढी, हिरवी, दाट.

रंजिता मडावीला ती रोपं कार्यालयात बसून दिसत नव्हती. तिला दिसत होता अग्निपट.

वणवा नियमन कायदा आल्यापासून राज्यातल्या प्रत्येक वनविभागात वणवा अधिकारी हे नवं पद निर्माण झालं होतं आणि गडचिरोलीतल्या एका विभागात रंजिता त्या पदावर होती. अग्निपट हे तिचं मुख्य हत्यार. उन्हाळ्याच्या तोंडावर ड्रोन जंगलावरून फिरत आणि लेसरच्या किरणांनी मोजून घेत की कुठे किती पाला साचलाय, किती फांद्या वाळल्यात, झाडोरा किती उंच आहे. जमिनीत रोवलेल्या खुंट्या मातीतला आणि पाल्यातला ओलावा दर तासाला कळवत. हवामानाचा अंदाज त्यात मिसळला की यंत्र हजारो कल्पित उन्हाळे घडवून पाहायचं. कधी ठिणगी इथे पडली, कधी तिथे. कधी वारा पश्चिमेचा, कधी पडलेला. वणवा लागेलच असं अग्निपट कधी सांगत नसे. लागला तर कुठून कुठे जाईल आणि वाटेत कोण आहे, तेवढं सांगायचा. लोक त्याला नुसतं पट म्हणत.

त्या वर्षी पटावर पालसकसा गाव पुन्हा पुन्हा लाल होत होतं.

पालसकसा कोसमदंडच्या पूर्वेला, टेकडीच्या पलीकडच्या उतारावर. गावात जायला एकच रस्ता आणि तोही टेकडीच्या पायथ्याने. घाटरस्त्यावर कुठेही ठिणगी पडली आणि पश्चिमेचा वारा असला, तर वाळलेला कटांग तिला झेलणार होता. बांबू पेटला की आग चालत नाही, पळते. पेरं फुटतात आणि जळते तुकडे पुढे उडतात. पटावर ती आग टेकडी ओलांडून पालसकसात शिरायची तेव्हा माणसं अजून रस्त्यावरच असायची. दर तीन कल्पित उन्हाळ्यांत एकदा असं होत होतं.

"मडावी, यात विचार करण्यासारखं काय आहे?" उपवनसंरक्षक देवस्थळी तिच्या मागे उभे राहून पटाकडे पाहत होते. "फेब्रुवारीत, दव असताना, टेकडी आपणच जाळून टाकायची. नियोजित जाळ. इंधनच उरलं नाही तर मे महिन्यात जळणार काय?"

"टेकडी कोसमदंडच्या सामूहिक वनहक्कात आहे, सर. ग्रामसभेची संमती लागेल."

"मागा. नाही मिळाली तर तुमच्या सहीचा संरक्षण आदेश आहे. त्याला संमती लागत नाही."

"तिथल्या ग्रामसभेची अध्यक्ष माझी थोरली बहीण आहे."

देवस्थळींनी खुर्ची ओढली आणि ते बसले. ते पुण्याकडचे, निवृत्तीला आलेले, आणि आवाज चढवून बोलणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

"मी एकदा सही केली नव्हती," ते म्हणाले. "संमती मिळेपर्यंत थांबलो. त्या उन्हाळ्यात आग लागली. चौकशी समितीने मला एकही प्रश्न विचारला नाही. फक्त उलटा पट लावला."

उलटा पट म्हणजे काय हे खात्यात सगळ्यांना ठाऊक होतं. हंगाम संपला की यंत्र प्रत्यक्ष घडलेला उन्हाळा घ्यायचं, तोच वारा, तोच उकाडा, त्याच ठिणग्या, आणि अधिकाऱ्याचा निर्णय तेवढा बदलून सगळं परत घडवून पाहायचं. तुम्ही केलंत ते केलं नसतंत तर? नाही केलंत ते केलं असतंत तर? कायद्याप्रमाणे हे सगळं अधिकाऱ्याच्या नावासकट लोकांसाठी खुलं असायचं.

"माझा उलटा पट अजून तिथेच आहे," देवस्थळी म्हणाले. "माझ्या नातीनेसुद्धा उघडून पाहिला."

कोसमदंडची ग्रामसभा समाजमंदिराच्या ओट्यावर बसली. रंजिताने पडद्यावर पट दाखवला. टेकडीवरून धावणारी नारिंगी रेघ गावाने शांतपणे पाहिली. रंजिता याच गावात वाढलेली. आई गेली तेव्हा ती दुसरीत होती, आणि थोरल्या बहिणीने, जैवंताक्काने, तिला आपल्या सासरी आणून शाळेत घातलं होतं. समोर बसलेल्यांपैकी निम्म्यांना ती काका, मामी म्हणत आली होती. अक्का मधोमध बसली होती, केस पांढरे झालेली, पाठ ताठ.

"पाहिलं," अक्का म्हणाली. "आता तू टेकडीवर जाऊन पाह्य. तिथं रोपं उगवून राहिली. दोन पावसाळे त्याइले मिळाले का मुळं धरतील. जाळशीन तं मुळापासून जातीन. त्या बांबूले आता बी कुठून येईन? जो बी देणारा होता, तो मेला."

"माहीत आहे, अक्का."

"माहीत आहे तं मंग काहून मांगून राहिली?"

"पालसकसातली माणसं—"

"मी पालसकसा जळो म्हणून नाही म्हणत नाही." अक्काचा आवाज सपाट होता. "आमी वाळला बांबू तोडून काढतो. सारं गाव लागते. पट्टा मोकळा करून देतो."

ही गोष्ट रंजिताने आधीच पटावर घालून पाहिली होती. गावातली सगळी माणसं रोज कुऱ्हाडी घेऊन गेली, तरी मार्च संपेपर्यंत पुरेसा रुंद पट्टा मोकळा होत नव्हता. कटांगच्या बेटात काटे असतात. एकेक बेट तोडायला वेळ लागतो आणि तोडलेलं खाली वाहून न्यायला त्याहून जास्त. तिने तसं सांगितलं.

मागून कोणी तरी म्हणालं, "पालसकसावाले येऊन तोडतीन का?"

पालसकसातलं कोणी तिथे नव्हतंच. त्यांना बोलवावं असं कायद्यात कुठे लिहिलेलं नव्हतं आणि रंजिताच्याही ते मनात आलं नव्हतं.

हात वर झाले. एकही हात संमतीचा नव्हता.

रंजिता आठवडाभर सहीशिवाय राहिली. तिने पट परत परत चालवला. खुंट्यांकडून ओलावा कमी कमी होत असल्याचे आकडे येत होते. तिला एक गोष्ट हळूहळू स्पष्ट होत गेली आणि ती तिला आवडली नाही. सही न करता आग लागली, तर पालसकसाची माणसं तिच्या नावापुढे लागणार होती. सही केली, तर जळलेली रोपं कुठेच लागणार नव्हती. पट आग मोजायचा. पुढच्या चाळीस वर्षांत न उगवलेला बांबू तो मोजत नव्हता. म्हणूनच राज्यातला जवळपास प्रत्येक वणवा अधिकारी शेवटी सही करत होता. कायद्याने त्यांना निवड दिली होती आणि तराजूचं एक पारडं काढून घेतलं होतं.

तरीही पालसकसातली माणसं खरी होती. तिने सही केली.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी टेकडीच्या माथ्यावरून आग लावली गेली. वाऱ्याच्या विरुद्ध, उताराला, म्हणजे ती धावणार नाही, दबकत खाली उतरेल. पायथ्याशी जाळरेषा, म्हणजे आग अडवणारा मोकळा पट्टा, साफ केलेली होती. अग्निरक्षक पाला उडवायचे ब्लोअर घेऊन उभे होते. सगळं पटावर दाखवल्याप्रमाणे झालं. फक्त आवाज पटावर नव्हता. बांबूची पेरं फुटताना बंदुकीसारखे बार निघत होते, आणि ते दुपारपर्यंत थांबले नाहीत.

कोसमदंडच्या बायका शेताच्या बांधावर उभ्या होत्या. कोणी ओरडलं नाही, कोणी रडलं नाही. आवाज थांबल्यावर त्या घरी गेल्या.

रंजिता अंगावर राख घेऊन अक्काच्या घरी गेली. अक्काने तिच्यासाठी अंगणात खुर्ची मांडली, तांब्याभर पाणी आणून दिलं आणि विचारलं, "मॅडम, चहा घेतीन का?"

रंजिताने चहा घेतला. पिऊन होईपर्यंत अक्का उभीच राहिली.

मे महिन्यात, भर दुपारी, घाटरस्त्यावर एका ट्रकच्या टायरने पेट घेतला. वारा पश्चिमेचा होता. आग सागाच्या पाल्यातून कोसमदंडच्या टेकडीपर्यंत आली, काळ्या जमिनीला टेकली आणि विझली. अग्निरक्षक पोचेपर्यंत धूरसुद्धा विरळ झाला होता. वर्तमानपत्रात त्याची बातमी आली नाही, कारण बातमी होण्यासारखं काही झालंच नव्हतं.

पण उलटा पट लागला. त्यात टेकडी जाळलेली नव्हती. ट्रक पेटला, तोच वारा सुटला, बांबू भडकला आणि आग पालसकसात शिरली. माणसं रस्त्याने निघाली आणि रस्त्यातच अडकली. यंत्र माणसांचे नुसते ठिपके दाखवायचं. ठिपके एकेक करून करडे होत गेले.

राजधानीतून रंजिताचं अभिनंदन आलं. देवस्थळींनी तिच्या टेबलावर पेढ्यांचा पुडा ठेवला.

ती टॅबलेट घेऊन कोसमदंडला गेली. तेंदूपानांचा हंगाम होता. अक्का ओसरीवर पानांचे पुडके बांधत बसली होती. रंजिता तिच्या शेजारी खालीच बसली आणि उलटा पट लावला. अक्काने हात न थांबवता पाहिलं. करडे ठिपके दिसायला लागले तेव्हा मात्र तिचे हात थांबले.

"हे खरं?"

"खरं म्हणजे... झालं नाही. झालं असतं."

अक्काने परत एकदा पाहायला मागितलं. मग पाण्याचा घोट घेतला.

"त्यांची पोरं वाचली, हे चांगलं झालं," ती म्हणाली. "तुह्या सहीनं वाचली, तेही मानतो."

मग जे सांगायला रंजिता मुख्यतः आली होती, ते तिने सांगितलं. "अक्का, यात टेकडी पाहिलीस का? रोपंसुद्धा जळालीच असती. आम्ही जाळली नसती तरी मे महिन्यात जळालीच असती. आपलं काही जास्तीचं गेलं नाही."

अक्काने हातातलं पुडकं खाली ठेवलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता.

"तवा जळालं असतं तं दोघांचं जळालं असतं," ती म्हणाली. "दोघं गावं एका जाग्यावर बसून रडली असती. आता एकाचंच जळालं, अन् ज्याचं वाचलं त्याले पत्ताच नाही."

रंजिताने टॅबलेट बंद केला.

"हंगाम आटोपला का चाल माह्यासंगं," अक्का म्हणाली.

"कुठे?"

"पालसकसाले. त्यांच्याकडं मानवेल बांबू आहे, त्याची जात येगळी, तो फुलला नाही. नाल्याच्या काठानं भरपूर आहे. आमाले सुपं-टोपल्या कराले बांबू लागते, कुडाले लागते, मांडवाले लागते. मांगतो."

"अशी काही तरतूद नाही, अक्का. कायद्यात नुकसानभरपाई सरकारकडून असते, दुसऱ्या गावाकडून नाही. मला अधिकारी म्हणून तिथे काही सांगता येणार नाही."

"तू कायले सांगतं? गाडी आण फक्त."

पालसकसाचा ग्रामसभा अध्यक्ष दसरू नरोटे, पन्नाशीचा, सावकाश बोलणारा माणूस. त्याने पाहुण्यांना मोहाच्या झाडाखाली बसवलं, गाव गोळा केलं. अक्का बोलायच्या आधी रंजितानेच घाई केली. तिला वाटलं, आधी पुरावा समोर ठेवला तर मागणं सोपं जाईल. तिने झाडाला चादर बांधून उलटा पट दाखवला.

ती चूक होती हे तिला लगेच कळलं. लोकांनी पडद्यावर आपली घरं ओळखली. एका बाईने नातवाला जवळ ओढलं आणि त्याचे डोळे झाकले. कोणी तरी उठून चादर सोडली.

"मॅडम," दसरू म्हणाला, "आमी जिते आहो. जित्या माणसाले मेलेलं काहून दाखवता?"

"तुमच्यावर काय संकट होतं ते कळावं म्हणून."

"मे महिन्यात घाटात ट्रक जळाला, ते आमाले माहीत आहे. आग टेकडीपाशी विझली. आगी विझतात. दरसाल लागतात अन् विझतात. आता तुमी म्हणता, विझली नसती. असन. पण जे आग आमच्या गावात आलीच नाही, तिच्यासाठी आमी कोणाचं देणं लागतो, हे मले समजावून सांगा."

रंजिताने समजावायचा प्रयत्न केला. पाल्याचं वजन, ओलावा, वाऱ्याचा वेग. लोक आदराने ऐकत होते आणि ती जितकं जास्त बोलत होती, तितके ते लांब जात होते. जी गोष्ट तिच्या दृष्टीने अगदी सिद्ध झालेली होती, ती या झाडाखाली नुसती एक अभद्र गोष्ट होती. ती मध्येच बोलायची थांबली.

मग अक्का उठली.

"ह्या पोरीचं सोडा," ती म्हणाली. "मी देणं मांगाले आली नाही. आमचा कटांग गेला. माह्या जन्मात काही तो परत येत नाही, अन् सुनेच्या हातात येईन का नाही, देवाले माहीत. तुमच्या नाल्याकाठी मानवेल आहे. आमाले तोडू द्या. तुमी जसा तोडता तसा तोडू, कोवळ्याले हात लावणार नाही. द्या म्हणून मांगाले आलो. नाही म्हणसान तं जेवून जातो, भांडण नाही."

दसरूने डोक्याला बांधलेलं फडकं सोडून मांडीवर ठेवलं. गावात आपापसांत बोलणं सुरू झालं आणि बराच वेळ चाललं. काही जणांना ते पसंत नव्हतं. एक तरुण माणूस तावातावाने म्हणत होता की आज बांबू दिला तर उद्या लिहून मागतील, परवा सरकार म्हणेल हा त्यांचा हक्कच आहे. त्याच्या म्हणण्यात तथ्य होतं आणि रंजिताला ते माहीत होतं. मघाशी नातवाचे डोळे झाकलेली बाई सगळ्यात शेवटी बोलली. ती काय म्हणाली ते रंजिताला नीट ऐकू आलं नाही, पण त्यानंतर बोलणं संपलं.

"नाल्याच्या तिकडच्या काठचा तोडा," दसरू म्हणाला. "पण एक गोष्ट. मॅडमनं हे यंत्रात टाकलं, का पालसकसा वाचलं म्हणून पालसकसानं दिला, तं आमी नाही म्हणू. आमी ते मानतच नाही. जैवंताबाई मांगाले आली, म्हणून दिला."

"नाही टाकणार," रंजिता म्हणाली. टाकायचं म्हटलं तरी त्या यंत्रात असल्या कारणाला जागा नव्हती.

जेवणं झाली. परतताना अक्का पुढच्या सीटवर बसली होती, मांडीवर पालसकसाच्या बायकांनी दिलेल्या वालाच्या शेंगा. टेकडीच्या पायथ्याने जाताना काळ्या जमिनीवर गवताची विरळ पाती दिसत होती. बांबूचं रोप एकही नव्हतं. दोघींनी पाहिलं.

घाट उतरल्यावर रंजिताने विचारलं, "अक्का, समज दसरू फेब्रुवारीत आपल्या गावात आला असता. असाच उभा राहून म्हणाला असता, आमच्यासाठी टेकडी जाळू द्या. तर हो म्हणाली असतीस?"

अक्काने शेंगा मोडायला घेतल्या. बऱ्याच मोडून झाल्यावर ती म्हणाली, "आता कसं सांगू? कोणी विचारलंच नाही ना."

त्या आठवड्यात रंजिताने नियमांत एक दुरुस्ती सुचवणारा प्रस्ताव पाठवला. एका गावाच्या रक्षणासाठी दुसऱ्या गावाचं जंगल जाळायचं असेल, तर ज्याचं रक्षण होणार त्या गावाने आधी स्वतः जाऊन तसं मागावं, आणि त्या बैठकीत अधिकारी व पट दोन्ही नसावेत. देवस्थळींनी तो वाचला आणि विचारलं, "आणि ते नाही म्हणाले तर?"

"तर नाही म्हणाले हे त्यांना एकमेकांच्या तोंडून कळेल, सर. पुढची सही मग मला करायची की नाही, ते मी ठरवीन. पण तेव्हा मी एकटी ठरवत नसेन."

त्यांनी प्रस्ताव वर पाठवला. तो अजून मंत्रालयात आहे. दोनदा खुलासा मागवून झाला, दोनदा दिला गेला. दरम्यान देवस्थळी निवृत्त झाले आणि रंजिताने आणखी दोन ठिकाणी सही केली. दोन्ही वेळा तिने आधी ज्याचं रक्षण व्हायचं त्या खालच्या गावातली चार माणसं गाडीत घालून, ज्याचं जंगल जाळायचं त्या वरच्या गावात नेली आणि स्वतः बाहेर रस्त्यावर थांबली. एका गावाने हो म्हटलं. दुसऱ्याने नाही म्हटलं, पण आपल्या कुऱ्हाडी घेऊन खालच्या गावाबरोबर पट्टा तोडायला आलं, आणि जाळायचा भाग निम्म्यावर आला.

कोसमदंडच्या बायका दर हिवाळ्यात नाल्याकाठी बांबू तोडायला जातात. दसरूने एकदाच दिलेला शब्द पुरेसा आहे, दर वर्षी विचारायची गरज नाही, असं पालसकसावाले सांगतात. तरी कुऱ्हाडी नेण्याच्या आदल्या दिवशी अक्का तिकडे जाते, मोहाखाली बसते आणि तोडू का म्हणून विचारते. ते दर वर्षी थोडा वेळ विचार केल्यासारखं करतात आणि हो म्हणतात.